ताकेदा घराण्याचा उदय आणि अस्त : दोष खरोखर कात्सुयोरीचा होता का?

अनाहत

सोळाव्या शतकातील जपानविषयी आपल्याकडे जे थोडेफार वाचले जाते, त्यात ताकेदा घराण्याची कथा बहुधा दोन वाक्यांत आटोपते. ताकेदा शिंगेन हा अजिंक्य सेनानी होता, आणि त्याचा मुलगा कात्सुयोरी याने १५७५ मध्ये नागाशिनो येथे जपान एका छत्राखाली आणू पाहणाऱ्या ओदा नोबुनागाच्या बंदुकांसमोर आपले सैन्य झोकून देऊन बापाची सारी कमाई एका दिवसात घालवली. या घराण्याविषयी मिळेल ते वाचत गेलो, तसतसे यातले दुसरे वाक्य मला अन्यायाचे वाटू लागले, म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांना पार्श्वभूमी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ताकेदा हे मिनामोतो वंशाच्या एका शाखेतील, काई प्रांताचे (आजचे यामानाशी) जुने घराणे. चहूबाजूंनी डोंगर, समुद्रकिनारा नाही आणि शेतजमीन बेताची, अशा या प्रांतातील भांडखोर सरदारांना शिंगेनचे वडील नोबुतोरा यांनी एका छत्राखाली आणले आणि १५१९ मध्ये कोफू येथे त्सुत्सुजिगासाकी नावाची गढी बांधून तेथे राजधानी वसवली. १५४१ मध्ये नोबुतोरा आपल्या जावयाच्या, म्हणजे इमागावा योशिमोतोच्या भेटीस सुरुगा प्रांतात गेले असताना, एकवीस वर्षांच्या मुलाने सरदारांच्या संमतीने सीमा बंद केली आणि बापाला परत येऊ दिले नाही. हा मुलगा म्हणजे हारुनोबु, जो पुढे शिंगेन या नावाने प्रसिद्ध झाला. त्याने उत्तरेकडील शिनानो प्रांत वीसेक वर्षांत टप्प्याटप्प्याने जिंकला, उत्तरेकडील शत्रू उएसुगी केनशिनशी कावानाकाजिमाच्या मैदानात १५५३ ते १५६४ या काळात पाच वेळा गाठ घेतली, १५६८ मध्ये सुरुगावर चालून जाऊन समुद्र गाठला, १५७३ च्या जानेवारीत मिकातागाहारा येथे नोबुनागाचा मित्र तोकुगावा इएयासुचा दारुण पराभव केला आणि त्याच वर्षी मोहिमेवरून परतताना शिनानोतच त्याचा मृत्यू झाला.

आता माझे म्हणणे. नागाशिनोनंतर हे घराणे आणखी सात वर्षे उभे होते. १५८२ मध्ये मात्र ते महिनाभरात कोसळले, आणि तेही ताकातो किल्ल्याचा अपवाद सोडल्यास फारशी लढाई न होता, कारण आप्त आणि सरदार एकामागून एक बाजूला झाले. ज्या घराण्याचे सैन्य रणांगणावर हरण्याऐवजी घरातूनच विरघळते, त्याच्या अस्ताचे कारण बंदुकीत शोधणे मला पटत नाही. मला ते १५६५ मध्ये दिसते. त्या वर्षी शिंगेनचा थोरला मुलगा आणि वारस योशिनोबु याच्यावर बापाविरुद्ध कट केल्याचा आरोप आला. त्याचा पालक ओबु तोरामासा याला आत्महत्या करावी लागली, योशिनोबुला तोको-जी या देवळात कोंडले गेले आणि १५६७ मध्ये कैदेतच त्याचा अंत झाला. योशिनोबुची पत्नी इमागावा योशिमोतोची मुलगी होती. इमागावांशी मैत्री मोडून सुरुगा घ्यायचा की नाही, या प्रश्नावर बापलेकांत फूट पडली, असे बहुतेक इतिहासकार मानतात. म्हणजे समुद्राच्या वाटेसाठी शिंगेनने वारसाचा बळी दिला आणि त्यानंतर जो वारस पुढे आला त्याला काईच्या जुन्या सरदारांनी कधी मनापासून धनी मानले नाही.

अस्ताची सुरुवात आपण कुठे धराल?

वैशाखी

कात्सुयोरीला सरदारांनी धनी का मानले नाही, हे कृपया उलगडून सांगावे. शेवटी तोही शिंगेनचाच मुलगा होता.

अनाहत

@वैशाखी, मुलगा होता, पण शत्रूघरच्या लेकीचा. १५४२ मध्ये शिंगेनने सुवा येथील घराण्यावर हल्ला केला आणि त्या घराण्याचा प्रमुख योरिशिगे याला आत्महत्या करायला लावली. योरिशिगेची मुलगी पुढे शिंगेनच्या जनानखान्यात आली. तिचे नावही कागदपत्रांत उरलेले नाही. १५४६ मध्ये तिला झालेला मुलगा म्हणजे कात्सुयोरी. त्याला सुवा घराण्याचा वारस म्हणून वाढवले गेले, ताकेदांच्या पुरुषांना सहसा मिळणारे ‘नोबु’ हे नावातले अक्षर त्याला न मिळता सुवांचे ‘योरी’ मिळाले आणि १५६२ पासून तो ताकातोचा किल्लेदार होता. म्हणजे सरदारांच्या डोळ्यांसमोर तो वीस वर्षे दुसऱ्या घराण्याचा माणूस म्हणून वावरला होता. ‘कोयो गुंकान’ हा ताकेदांचा प्रसिद्ध बखरवजा ग्रंथ तर सांगतो की शिंगेनने मरताना कात्सुयोरीचा लहान मुलगा नोबुकात्सु याला वारस ठरवले आणि कात्सुयोरीला तो सज्ञान होईपर्यंत केवळ कारभारी नेमले. या ग्रंथावर कितपत विसंबावे याविषयी वाद आहे, पण ज्यांनी कात्सुयोरीच्या हाताखाली नोकरी केली त्यांच्या मनात काय सलत होते, ते त्यातून कळते असे मला वाटते.

तोडेदार

अनाहतजी, धाग्याबद्दल आभार, परंतु नागाशिनोला आपण फारच हलके लेखत आहात.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. ताकेदांना बंदुकीचे महत्त्व कळत नव्हते, हे खरे नाही. १५५५ मध्येच शिंगेनने आसाहियामा किल्ल्याच्या मदतीला तीनशे बंदुका पाठवल्याची नोंद आहे. पोर्तुगीजांबरोबर तानेगाशिमा बेटावर पहिली तोड्याची बंदूक आली ती १५४३ मध्ये, म्हणजे त्यानंतर अवघ्या बारा वर्षांची ही गोष्ट. आपल्या वाचकांसाठी एक जोड सांगण्यासारखी आहे. या बंदुकांच्या चापाची रचना युरोपातल्या समकालीन बंदुकांपेक्षा गोवा आणि मलाक्का येथील बंदुकांना जवळची आहे, असे शस्त्रांच्या अनेक अभ्यासकांचे मत आहे.

ताकेदांची अडचण बंदूक मिळवण्यात नव्हती, दारू आणि शिसे मिळवण्यात होती. साकाईसारखे व्यापारी बंदर नोबुनागाच्या मुठीत होते आणि सोरा व शिसे बाहेरून येत असे. त्या काळातील जपानी गोळ्यांच्या शिशाचे परीक्षण झाले तेव्हा त्यातील काही शिसे थायलंडमधील खाणीचे निघाले. याउलट ताकेदांकडून देवस्थानाला गेलेल्या एका पत्रात, जमलेली खराब तांब्याची नाणी गोळ्या ओतण्यासाठी द्यावीत, अशी मागणी आहे. एका बाजूला समुद्रापलीकडून येणारे शिसे आणि दुसऱ्या बाजूला देवापुढची नाणी, इतका तो फरक होता.

आता प्रत्यक्ष लढाई. परंपरेने सांगितले जाणारे आकडे असे: ताकेदांचे सुमारे १५,००० आणि ओदा-तोकुगावांचे मिळून सुमारे ३८,०००. ३,००० बंदुका आणि तीन रांगांनी आळीपाळीने केलेला मारा हे चित्र बरेचसे नंतरच्या काळातले आहे. कात्सुयोरी वेडेपणाने कुंपणावर धावला, हेही अर्धेच खरे, कारण आदल्या रात्री निघालेल्या, तोकुगावांचा सरदार साकाई तादात्सुगु याच्या तुकडीने मागून फिरून तोबिगासुयामाची ठाणी जाळली, म्हणजे पाठीमागे शत्रू आणि पुढे रेंगो ओढ्यापलीकडे लाकडी कुंपण, अशा कात्रीत तो सापडला होता. तरीही माघारीची वेळ त्याने आधीच गमावली होती, आणि त्या दिवशी जे मेले त्यांची नावे पाहा: यामागाता मासाकागे, बाबा नोबुहारु, नाइतो मासातोयो, हारा मासाताने, त्सुचिया मासात्सुगु, सानादा घराण्याचे दोन सख्खे भाऊ. प्रत्येकाच्या हाताखाली एकेक मुलूख होता, स्वतःची माणसे होती आणि शेजाऱ्यांशी बोलणी करण्याचा वर्षांचा अनुभव होता. आपण म्हणता घराणे आतून विरघळले, तर मी म्हणेन की ते आतून धरून ठेवणारी माणसे नागाशिनोलाच गेली होती.

नदीकाठ

अस्ताविषयी जाणकार बोलतीलच. मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली असल्यामुळे उदयाविषयी लिहितो, कारण शिंगेनचे नाव काईतल्या शेतकऱ्याच्या तोंडी आजही का आहे याचे उत्तर मिकातागाहाराला सापडणार नाही. ते कामानाशी नदीच्या काठी सापडते.

कोफूचे खोरे बशीसारखे आहे. पश्चिमेच्या उंच डोंगरांतून मिदाइ नावाची नदी गाळ आणि धोंडे घेऊन तीव्र उतारावरून येते आणि कामानाशीला जवळजवळ काटकोनात धडकते. पूर आला की हा लोंढा थेट खोऱ्यात घुसत असे. १५४२ नंतर सुरू झालेल्या आणि १५६० च्या सुमारास आकाराला आलेल्या कामात शिंगेनच्या माणसांनी हा लोंढा अडवण्याचा हट्ट धरला नाही. मिदाइच्या पात्रात दगडी टोके बांधून प्रवाह दुभंगला, त्याची दिशा उत्तरेला वळवून तो ताकाइवा नावाच्या नैसर्गिक कड्यावर आदळेल असे केले, म्हणजे पाण्याचा जोर कडा सोसतो आणि जोर ओसरलेले पाणी बांधाला लागते. बांधही सलग नाही. तुकड्यातुकड्यांचा आहे आणि एका तुकड्याचे टोक पुढच्या तुकड्याच्या मागे जाते. महापुरात पाणी त्या फटींतून मागे शेतात हळूहळू पसरते आणि पूर उतरला की त्याच वाटेने नदीत परत येते. सलग भिंत फुटली तर गाव वाहून जाते, इथे शेतात गाळ बसतो एवढेच. प्रवाहाचा वेग मोडायला काठाशी लाकडी तिकाट्या दगडांच्या ओझ्याने बसवलेल्या असत.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते देखभालीचे धोरण. रियुओ येथे बांधालगत नवी वस्ती वसवली आणि तेथे घर करणाऱ्यांना कर माफ केले. ज्याचे घर बांधाखाली आहे तो बांधाला पडलेले उंदराचे बीळसुद्धा बुजवतो, हे कोणत्याही कालवा निरीक्षकाला पटेल. आजही वसंतात तेथे देवाची पालखी बांधावर येते. पुरुष स्त्रियांचा वेश करून, पाय आपटत आपटत ती वाहतात, आणि त्या तुडवण्याने बांधाची माती दाबली जाते अशी समजूत आहे. हा बांध ‘शिंगेनचा बांध’ म्हणून ओळखला जातो.

बापाला हाकलून आणि मुलाला कैदेत मारून हा माणूस प्रजेच्या स्मरणात चांगला राहिला तो यामुळे, असे माझे मत आहे.

पूर्वेचा_वाटसरू

नदीकाठ यांचा प्रतिसाद वाचून समाधान वाटले. मी कामानिमित्त तोक्योत राहतो. कोफूला शिंजुकूहून गाडीने दीड तासात पोहोचता येते आणि स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच हातात लष्करी पंखा घेऊन बसलेला शिंगेनचा पुतळा समोर येतो. तेथून चढावर सरळ चालत गेले की त्सुत्सुजिगासाकीची जागा लागते. आता तेथे ताकेदा जिंजा हे शिंतो देऊळ आहे, १९१९ मध्ये उभारलेले. मला तेथे आश्चर्य वाटले ते संरक्षणाच्या साधेपणाचे. खंदक आहे, मातीचे तट आहेत, पण ओसाका किंवा हिमेजी पाहिलेल्या माणसाला ही राजधानी एखाद्या श्रीमंत देशमुखाच्या गढीएवढीच वाटेल. ‘माणसे हाच किल्ला, माणसे हाच तट’ हे शिंगेनच्या नावावर सांगितले जाणारे वचन त्या मातीच्या तटाजवळ उभे राहिल्यावर कळते. (अडचणीच्या वेळी आसरा घेण्यासाठी मागच्या डोंगरावर वेगळा किल्ला होता, हेही सांगायला हवे.)

माणसांना बांधून ठेवण्याचे त्याचे साधन केवळ वचने नव्हती. १५४७ चा त्याचा कायदा उपलब्ध आहे. दोघे भांडले तर चूक कोणाची हे न पाहता दोघांनाही शिक्षा, इतका तो कडक आहे, परंतु त्याच कायद्याच्या एका कलमात म्हटले आहे की खुद्द हारुनोबुने या नियमांचा भंग केला तर लहानथोर कोणीही लेखी तक्रार करावी. त्या काळच्या धन्याने असे लिहून देणे ही मोठी गोष्ट होती. अनाहतजींच्या प्रश्नाला धरून विचारावेसे वाटते, की योशिनोबुने बापाला विरोध केला तेव्हा हे कलम कुठे गेले?

सह्यवारा

ताकेदांना समुद्रकिनारा नसल्याने शेजाऱ्यांनी त्यांचे मीठ तोडले आणि कट्टर शत्रू केनशिनने मात्र मीठ पाठवले, अशी गोष्ट लहानपणी वाचली होती. ती खरी आहे का? विषयांतर होत असल्यास क्षमस्व.

रानवाटा

@सह्यवारा, विषयांतर नाही, उलट नेमक्या जागी आलात. १५६७-६८ मध्ये इमागावांनी आणि होजोंनी काईचे मीठ रोखले, असे सांगितले जाते. केनशिनने भेट म्हणून मीठ धाडल्याचा भक्कम पुरावा नाही. त्याने बंदीत सामील होण्याचे टाळले आणि त्याच्या एचिगो प्रांताचे व्यापारी मीठ विकत राहिले, इतके मानता येते. मात्सुमोतोला जानेवारीत भरणाऱ्या बाजाराचा संबंध लोक आजही त्या मिठाशी जोडतात.

हे नेमक्या जागी आले असे म्हटले, कारण माझा अनाहतजींशी मतभेद इथेच आहे. ताकेदांचे जगणे-मरणे नेहमी तीन शेजाऱ्यांवर अवलंबून होते: उत्तरेला उएसुगी, पूर्वेला होजो आणि दक्षिणेला आधी इमागावा, मग तोकुगावा. यांपैकी निदान एकाशी मैत्री असल्याशिवाय काईच्या धन्याला बाहेर पाऊल टाकता येत नसे. शिंगेनने १५५४ मध्ये होजो आणि इमागावा या दोघांशी सोयरिकी करून पाठ सुरक्षित केली म्हणून तो केनशिनशी लढू शकला. कात्सुयोरीनेही नागाशिनोनंतर हेच केले, १५७७ मध्ये होजो उजिमासाच्या बहिणीशी लग्न करून.

आणि मग १५७८ मध्ये केनशिन अचानक वारला. त्याचे दोन दत्तक मुलगे वारशासाठी भांडू लागले. एक कागेकात्सु. दुसरा कागेतोरा, जो जन्माने होजोंचा, म्हणजे कात्सुयोरीच्या नव्या पत्नीचा भाऊ. होजोंनी कात्सुयोरीला कागेतोराच्या मदतीला बोलावले. तो सैन्य घेऊन गेला, पण तेथे कागेकात्सुने सोने आणि कोझुके प्रांतातील मुलूख देऊ केला, आणि कात्सुयोरीने मध्यस्थी करत करत त्याच्याशी तह केला, आपली बहीणही त्याला दिली. १५७९ मध्ये कागेतोराचा शेवट झाला. होजो संतापून त्याच वर्षी तोकुगावांना मिळाले. आता पूर्वेला होजो, दक्षिणेला तोकुगावा, पश्चिमेला ओदा, आणि मित्र कोण, तर यादवीने पिचलेला कागेकात्सु.

नागाशिनोला सैन्य गेले होते, सैन्य पुन्हा उभे करता येते. १५७८ मध्ये कात्सुयोरीने जो शेजारी गमावला त्याची भरपाई कशानेही झाली नाही. हा निर्णय सर्वस्वी त्याचा होता. तेथे बाप नव्हता, योशिनोबु नव्हता, आईचे घराणेही नव्हते. अस्ताची सुरुवात मी तेथेच धरतो.

हिशेबनीस

थोडे आकडे मांडतो, कारण शौर्याच्या चर्चेत ते हरवतात. जपानात मुलखाची ऐपत कोकुमध्ये मोजत. एक कोकु म्हणजे साधारण एका माणसाला वर्षभर पुरेल इतका, सुमारे १८० लिटर तांदूळ. १५९८ च्या मोजणीत काई प्रांत सुमारे २.२७ लाख कोकुचा आहे, पसरट शिनानो ४.०८ लाखांचा आणि सुरुगा दीड लाखाचा. तिन्ही मिळून सुमारे ७.८५ लाख. नोबुनागाचा एकटा ओवारी प्रांत ५.७१ लाखांचा आणि मिनो ५.४ लाखांचा. म्हणजे शिंगेनने तीस वर्षे लढून जे गोळा केले त्यापेक्षा अधिक नोबुनागाकडे घरच्या दोन प्रांतांतच होते, क्योतो आणि बंदरे वेगळीच.

ही तूट ताकेदा सोन्याने भरून काढत. कुरोकावा आणि युनोओकु येथील खाणींतून सोने निघे आणि त्याची नाणी चौपटीच्या हिशेबाने पाडली जात: एका र्‍योचे चार बु, एका बुचे चार शु. पुढे तोकुगावांनी हीच पद्धत साऱ्या देशाला लागू केली. पण कात्सुयोरीच्या काळात खाणींचे उत्पन्न घटू लागले होते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. नव्या मुलखाच्या वाटणीवर सरदारांना खूश ठेवणारी ही व्यवस्था थांबली की कोसळणारच होती. रानवाटा यांना एवढेच विचारतो, की ज्याच्या खाणी आटत आहेत त्याला कागेकात्सुचे सोने आणि कोझुकेचा मुलूख नाकारणे परवडले असते का?

रानवाटा

@हिशेबनीस, प्रश्न रास्त आहे आणि कोझुकेत कात्सुयोरीला फायदा झाला हेही मान्य. १५८० मध्ये ताकेदांचा सरदार सानादा मासायुकी याने तेथील नुमाता किल्ला घेतल्यावर ताकेदांचा ध्वज तिकडे शिंगेनच्या काळापेक्षाही पुढे गेला होता. नकाशा पाहणाऱ्याला त्या वर्षी अस्त दिसलाच नसता. परंतु हा फायदा ईशान्येला होता आणि मरण नैर्ऋत्येकडून येत होते.

तोडेदार

रानवाटा यांच्या शेवटच्या वाक्याला ताकातेंजिन किल्ल्याची जोड देतो. तोतोमी प्रांतातील हा किल्ला शिंगेनच्या हाती आला नव्हता, कात्सुयोरीने तो १५७४ मध्ये घेतला आणि त्याची कीर्ती झाली. १५८० पासून इएयासुने सभोवती ठाण्यांची साखळी उभी करून त्याची रसद तोडली. आत किल्लेदार होता ओकाबे मोतोनोबु, तोच शूर माणूस ज्याने १५६० मध्ये इमागावा योशिमोतो मारला गेल्यावर धन्याचे शिर परत मिळवल्याशिवाय आपला किल्ला सोडला नव्हता.

१५८१ च्या सुरुवातीस किल्ल्यातून शरणागतीची बोलणी आली. तेव्हा नोबुनागाने इएयासुच्या छावणीला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे, आणि ते वाचून अंगावर काटा येतो. त्याचा आशय असा, की शरणागती स्वीकारू नये, कारण कात्सुयोरी मदतीला येऊ शकला नाही आणि किल्ला पडला तर सुरुगातील लहानसहान गढ्यासुद्धा त्याच्यावर विश्वास ठेवणार नाहीत. तसेच घडले. कात्सुयोरी त्या काळात नोबुनागाशी तह व्हावा म्हणून प्रयत्नात होता, ओलीस ठेवलेला नोबुनागाचा मुलगाही त्याने परत पाठवला होता, आणि मदत पाठवून तो धागा तोडणे त्याला धोक्याचे वाटले असावे. उपाशी शिबंदीने शेवटी दरवाजे उघडून हल्ला केला. ओकाबेसह सहाशेहून अधिक माणसे मेली. त्यांत काई, शिनानो, सुरुगा, कोझुके अशा साऱ्या मुलखांतले लोक होते, म्हणून ही बातमी एकाच वेळी साऱ्या मुलखांतल्या घराघरांत पोहोचली.

नोबुनागाने येथे किल्ल्यापेक्षा धन्याची पत मारली.

वैशाखी

आतापर्यंतच्या चर्चेत पुरुषच बोलत आहेत, म्हणून होजोंच्या त्या मुलीविषयी लिहिते, जिचे लग्न १५७७ मध्ये कात्सुयोरीशी झाले होते. माहेर आणि सासर यांचे वैर सुरू झाल्यावरही ती काईतच राहिली. निरासाकीच्या ताकेदा हाचिमान देवळात १५८२ च्या दुसऱ्या महिन्यातील एक नवसपत्र जपलेले आहे. ते तिचेच आहे याविषयी काही अभ्यासक शंका घेतात, पण परंपरा ते तिच्या नावावर ठेवते. पत्र स्त्रिया लिहीत त्या सोप्या लिपीत आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचे उपकार विसरून किसो योशिमासाने बंड केले, त्याने स्वतःच्या आईलाही संकटात टाकले, आणि आपल्या पतीला यश मिळाल्यास आम्ही दोघे मिळून देवळाचा जीर्णोद्धार करू, असा त्याचा आशय आहे.

किसो योशिमासा हा शिंगेनचा जावई. तो ओदांना मिळाला आणि त्याची ओलीस असलेली आई व मुले कात्सुयोरीने मारली. हे पत्र देवापुढे ठेवल्याला महिनाही उलटला नाही तोच ती पतीबरोबर तानो येथे मेली. तिचे वय एकोणीस सांगतात. ओदावाराला माहेरी निघून जा, असे तिला सुचवले गेले होते आणि तिने ते नाकारले, असेही सांगतात.

पूर्वेचा_वाटसरू

वैशाखीताईंनी तानोचा उल्लेख केला म्हणून त्या शेवटच्या महिन्याविषयी सविस्तर लिहितो.

कात्सुयोरीने कोफू सोडून निरासाकीजवळ शिम्पु नावाचा नवा किल्ला बांधायला घेतला होता. त्यासाठी दर दहा घरांमागे एक मजूर मागवल्याचे सानादा मासायुकीचे पत्र आहे. १५८१ च्या अखेरीस तो तेथे राहायला गेला. पुढच्या दुसऱ्या महिन्यात (जुन्या पंचांगाने) किसोच्या फितुरीची बातमी आली, त्याच सुमारास आसामा ज्वालामुखी फुटला आणि लोकांनी तो अपशकुन मानला. नोबुनागाचा मुलगा नोबुतादा शिनानोत शिरला. किल्ल्यामागून किल्ले रिकामे झाले. आनायामा नोबुकिमी, जो आईकडून शिंगेनचा भाचा आणि शिवाय जावई, तो इएयासुला मिळाला. ताकातोला कात्सुयोरीचा धाकटा भाऊ निशिना मोरिनोबु लढून मेला. दुसऱ्याच दिवशी कात्सुयोरीने शिम्पु स्वतःच्या हाताने जाळला. जेमतेम अडीच महिने तो तेथे राहिला होता.

सानादाने कोझुकेतील आपल्या इवाबित्सु किल्ल्यात येण्याचे आमंत्रण दिले होते असे म्हणतात. कात्सुयोरीने काईतल्याच ओयामादा नोबुशिगेचा भरवसा धरला, आणि सासागो घाटाशी पोहोचल्यावर ओयामादाने वाट अडवली. बरोबर उरलेली थोडी माणसे आणि बायका घेऊन तो तेन्मोकु डोंगराच्या पायथ्याशी, तानो येथे आला. तेथे त्सुचिया मासात्सुने याने अरुंद वाटेवर एका हाताने वेल धरून दुसऱ्या हाताने तलवार चालवत शत्रूला थोपवले, अशी आख्यायिका आहे. तो धन्याच्या मिठाला शेवटपर्यंत जागला. नागाशिनोला मेलेल्या त्सुचियाचा हा धाकटा भाऊ. कात्सुयोरी, त्याची पत्नी आणि सोळा वर्षांचा नोबुकात्सु तेथेच संपले.

काई-यामातो स्टेशनावर उतरून अर्ध्या तासाच्या अंतरावर केइतोकु-इन हे देऊळ आहे. इएयासुने, म्हणजे शत्रूनेच, ते मृतांसाठी बांधवले. तिघांनी जेथे प्राण सोडले असे मानतात, ते तीन दगड आवारात दाखवतात. दरी खूप अरुंद आहे. तेथे उभे राहिले की कळते, की येथून पुढे जायला वाट नव्हती.

अनाहत

सर्वांच्या प्रतिसादांनी धागा समृद्ध केला. रानवाटा यांचा १५७८ चा मुद्दा बिनतोड आहे आणि तोडेदार यांनी सांगितलेले नोबुनागाचे पत्र तर मर्मावरच बोट ठेवते. तरीही माझा मूळ प्रश्न मला सुटलेला वाटत नाही. शेजारी फिरले, पत गेली, हे सर्व होजोंच्या किंवा उएसुगींच्या वाट्यालाही कधी ना कधी आले. तेथे आप्त शेवटी एकत्र उभे राहिले. आनायामा आणि किसो हे दोघेही शिंगेनचे जावई होते. त्यांनी शिंगेनच्या मुलाला सोडावे, हे केवळ पत गेल्यामुळे झाले का? ज्या धन्याने स्वतः बापाला हाकलले आणि मुलाला कोंडले, त्याच्या घरात नात्याचे मोल किती उरणार?

हिशेबनीस

अनाहतजी, यावर एक पुरावा पुढे ठेवतो, जो आपल्या मताच्या विरुद्ध जातो असे मला वाटते.

कात्सुयोरीच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत नोबुनागा क्योतोतील होन्नो-जी या देवळात मारला गेला. काई ज्याला दिला होता त्या कावाजिरी हिदेताकाला उठाव करणाऱ्यांनी ठार केले आणि प्रांत मोकळा पडला. त्यासाठी तोकुगावा आणि होजो भिडले. इएयासुने त्या उन्हाळ्यात काय केले, तर ताकेदांच्या जुन्या सेवकांना, ज्याची जी वडिलोपार्जित जमीन होती ती त्याच्याकडे कायम करणारी पत्रे एकामागून एक दिली आणि त्यांच्याकडून निष्ठेच्या शपथा लिहून घेतल्या. त्या शपथपत्रांत आठशेहून अधिक नावे आहेत. जी माणसे मार्चमध्ये धन्याला सोडून घरी बसली होती, तीच वर्षअखेर नव्या धन्यासाठी लढली आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या प्रामाणिक राहिली. त्यांना इमान ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. त्यांना जमीन राखून देणारा धनी हवा होता. कात्सुयोरी ताकातेंजिन राखू शकला नाही तेव्हा तो आपली जमीन राखील का, हा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या घरी बसून सोडवला. योशिनोबु त्या हिशेबात कुठेच येत नाही.

तोडेदार

हिशेबनीस यांच्या मुद्द्याला एक पुरवणी. इएयासुने ताकेदांचे हे सैनिक इइ नाओमासा या तरुण सरदाराच्या हाताखाली दिले आणि त्यांची लाल चिलखते कायम ठेवली. ही लाल तुकडी ताकेदांकडे यामागाता मासाकागेची म्हणून गाजली होती. आणि यामागाताकडे ती आली कोठून? त्याचा भाऊ ओबु तोरामासा याच्याकडून, म्हणजे अनाहतजींनी पहिल्याच प्रतिपादनात ज्याचे नाव घेतले त्या, योशिनोबुच्या पालकाकडून. परंपरा सांगते की भावाच्या कटाची खबर यामागातानेच शिंगेनला दिली. त्यानंतर दहा वर्षांनी तो नागाशिनोला शिंगेनच्या मुलासाठी लढून मेला. आप्तांनी सोडले हे खरे, परंतु ज्याच्या घरावर योशिनोबु प्रकरणाचा घाव थेट बसला होता, तो माणूस मात्र ढळला नाही.

अनाहत

@तोडेदार, यामागाताचे उदाहरण माझ्या मताला सर्वांत जड जाते, हे मान्य करतो. तरी एक भेद ठेवतो. यामागाता, बाबा, नाइतो हे शिंगेनने हाताने घडवलेले सेवक होते, त्यांची प्रतिष्ठा धन्यामुळे होती. आनायामा, किसो आणि ओयामादा यांच्याकडे स्वतःचा मुलूख, स्वतःचे सैन्य आणि स्वतःचा कारभार होता, धनी नसला तरी ते उभे राहू शकत होते. पहिल्या प्रकारची माणसे नागाशिनोला संपली आणि कात्सुयोरीजवळ दुसऱ्या प्रकारची उरली. आनायामाने शरण जाताना ताकेदा हे नाव आपल्या मुलाकडे चालावे अशी तजवीज करून घेतली होती, म्हणजे त्याच्या मते घराणे संपतच नव्हते, फक्त सुवांचा मुलगा बाजूला होत होता. योशिनोबु जिवंत असता तर आनायामाला हे म्हणायला तोंड उरले नसते, एवढे माझे म्हणणे अजून शिल्लक आहे.

रानवाटा

आणि योशिनोबु जिवंत असता तर इमागावांशी मैत्री टिकली असती, सुरुगा घेतलाच गेला नसता आणि समुद्रही मिळाला नसता. आनायामाच्या अटींविषयी मात्र स्वतंत्र धागा काढावा, अशी विनंती. होन्नो-जीनंतर साकाईहून परतताना तो वाटेतच मारला गेला आणि त्याचा मुलगाही ताकेदा नाव लावून अल्पवयात वारला, त्यामुळे त्या तजविजीचे पुढे काय झाले, हे सविस्तर वाचायला आवडेल.